एक माणूस जास्त

समजा, तुम्हाला एका खोलीत नेऊन बसवलं. खोलीला खिडकी नाही. समोरच्या भिंतीवर बेचाळीस चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोनात एका सरकारी इमारतीचा एकेक तुकडा आहे. इथे जिना, तिथे लिफ्टचं दार, पलीकडे अर्ज घ्यायची खिडकी आणि तिच्यासमोरची रांग. माणसं दिसतात, पण वरून. कॅमेरे छताला लावलेले, त्यामुळे चेहऱ्यांऐवजी तुमच्या वाट्याला येतात डोकी. टकलं, भांग, अंबाडे, टोप्या. तुम्हाला आठ तास एवढंच करायचं आहे: बघायचं. काही घडत असेल तर सोपं आहे हो, पण काहीच घडत नसताना बघायचं आहे. पंधरा मिनिटं झाली की डोळे उघडेच राहतात आणि बघणं मात्र बंद पडतं. तुमचं तुम्हालाही कळत नाही. करून पाहा एकदा.

त्या इमारतीत हे बघणं चालू ठेवायची जबाबदारी ताईंची होती. तिथे त्यांना सगळे ताईच म्हणत, त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठे असलेले आजोबासुद्धा.

आजोबा हे त्यांच्या चमूतले सर्वांत जुने. त्यांनी कॅमेरे यायच्या आधी ह्याच इमारतीत बॅटरी आणि शिट्टी घेऊन फेऱ्या मारल्या होत्या. दुसरी वहीवाली. घडलेलं सगळं मिनिटासकट नोंदवहीत उतरवायची, अक्षर असं की छापलेलं वाटावं. आणि तिसरा पाहुणा. हा दोन मुलांचा बाप, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली, पण पहिल्या दिवशी आजोबा "या पाहुणे, बसा" म्हणाले आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

ताईंच्या हाताखाली काम करायचं तर एक गोष्ट शिकावी लागे. डोक्यावरून माणूस ओळखायचा. पाचव्या मजल्यावरचा कारकून म्हणजे "बेट", कारण त्याच्या टकलाच्या मधोमध केसांचा एक छोटा पुंजका उरला होता. लेखा विभागातल्या बाई "नागमोडी", भांगामुळे. मोठे साहेब, म्हणजे सगळ्या इमारतीचे प्रमुख, म्हणजे "कलप". वरून पाहिलं की केसांच्या मुळाशी पांढरी रेघ दिसायची, आणि ती किती रुंद झाली ह्यावरून साहेबांचा महिना कसा चालला आहे हे आजोबा सांगायचे. "आज बोटभर दिसतेय. ताई, रजेचा अर्ज पुढच्या आठवड्यात द्या."

ह्या विद्येचा एक तोटा होता. समोरून आलेला माणूस ओळखूच यायचा नाही. एकदा बाजारात एका गृहस्थांनी ताईंना हसून नमस्कार केला. ताई नुसत्या बघत राहिल्या. गृहस्थ बिचारे ओशाळले. तेवढ्यात त्यांच्या पिशवीतून कांदा निसटला, तो उचलायला ते खाली वाकले, आणि ताई आनंदाने ओरडल्या, "अहो, तुम्ही पाचव्या मजल्यावरचे ना!"

म्हणून दर गुरुवारी ताई एकेकाला खुर्चीतून उठवून एका मजल्यावर पायी पाठवत. परत आल्यावर त्याने कॅमेऱ्याला न दिसणारी एक तरी गोष्ट सांगायची. कुणी सांगे, सहाव्या मजल्यावरचं दार लागतं पण बसत नाही. कुणी सांगे, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात जळकट वास येतोय. पाहुण्याने पहिल्या फेरीनंतर सांगितलं होतं, "ताई, बेट स्वभावाने चांगला आहे." ताईंनी तेही वहीत लिहायला लावलं.

वही मोठी गमतीची होती. सतरा नंबरच्या कॅमेऱ्यावर एका कोळ्याने घर केलं होतं आणि तो हलला की हालचालीची घंटा वाजायची. वहीवालीची नोंद असे: "११.०५. सतरा नंबर. कोळी. ओळखीचा."

असं सगळं छान चाललं होतं, आणि मग ती कवायत झाली.

आग लागली तर इमारत रिकामी कशी करायची, ह्याची ती कवायत. घंटा वाजते, लोक जिन्याने उतरतात, मागच्या पटांगणात मजल्याप्रमाणे रांगा लावतात. प्रत्येक मजल्याचा एकजण आपली रांग मोजून वॉकीटॉकीवर ताईंना आकडा कळवतो. ताई बेरीज करतात आणि फाटकावरच्या माणसं मोजणाऱ्या यंत्राशी ताडून बघतात. आत जितके गेले तितके बाहेर आले पाहिजेत.

त्या दिवशी आत गेले होते सातशे एक्क्याण्णव. पटांगणात भरले सातशे नव्वद.

पुन्हा मोजले. सातशे नव्वद. मग संध्याकाळपर्यंत सगळी इमारत पालथी घातली. कपाटांच्या मागे, दस्तऐवजांच्या खोलीत, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत, कुठेकुठे म्हणून पाहिलं. आजोबांनी तर लिफ्टच्या खड्ड्यात वाकून "कोण आहे का रे?" अशी हाक मारली. माणूस सापडला नाही आणि कुणी हरवल्याची तक्रारही आली नाही. भरघोस मिशांचे अग्निशमन अधिकारी होते, त्यांनी अहवालात लिहिलं: "संख्या जुळली नाही. एक व्यक्ती कमी."

चार दिवसांनी पत्र आलं. कवायत तीन महिन्यांत पुन्हा होईल. तेव्हाही संख्या जुळली नाही, तर नियंत्रण कक्षाचं काम बाहेरच्या एजन्सीकडे सोपवलं जाईल आणि इथल्या चौघांना चार वेगवेगळ्या इमारतींत पाठवलं जाईल.

वहीवालीने पत्र दोनदा वाचलं. "चार इमारती म्हणजे?"

"म्हणजे तू एकीकडे, मी एकीकडे," पाहुणा म्हणाला.

"आणि सतरा नंबरवाला?" आजोबांनी विचारलं.

कुणाला हसू आलं नाही. आजोबांचे विनोद इतके वाया गेलेले ताईंनी कधी पाहिले नव्हते.

घरी ताईंना सासू होती. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घालून त्यात विणकामाची निळी सुई खोचणारी. विणायला बसली की सुई बाहेर, विणून झालं की पुन्हा अंबाड्यात. ताई घरात शिरल्या की सासूबाईंचा रोजचा प्रश्न ठरलेला.

"काय गं, आज कुठली मालिका लागली होती?"

"आई, ते काम असतं."

"असेल बाई. बसून टीव्ही बघायचा पगार मिळतो, नशीब लागतं. मी साठ पोरं दोन डोळ्यांनी सांभाळली. मला नाही लागले कधी पडदे."

पत्र आलं त्या संध्याकाळी ताई थेट स्वयंपाकघरात शिरल्या. ताटं मांडायला घेतली. त्यांचे यजमान हात धुऊन आले. ते फ्रीज दुरुस्तीचं काम करत. मुलगी पुस्तक मिटून आली, मुलगा दुसऱ्यांदा हाक मारल्यावर आला. सासूबाई बसल्या आणि वर्गात मोजावं तसं बोटाने ताटं मोजू लागल्या.

"एक, दोन, तीन, चार. घरात माणसं किती?"

"पाच," नातू म्हणाला.

"मग पाचवं कोण गैरहजर?"

ताई कसनुशा हसल्या. "माझं राहिलं वाटतं."

"वाटतं काय, रोजच राहतं! सहलीला नेताना नव्या मास्तरणी हेच करायच्या. पोरं मोजायची, शिपाई मोजायचा, बसचा ड्रायव्हर मोजायचा, आणि स्वतःला विसरायचं. मग बसायचं रडत, एक कमी आहे, एक कमी आहे."

ताईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"अगं, आमटी सांडतेय!" सासूबाई म्हणाल्या.

"आई," ताई म्हणाल्या, "मला कुणी मोजलंच नाही."

खरंच होतं ते. दुसऱ्या दिवशी वही काढली. पहिला मजला, दुसरा, असं करत आठवा, मग उपाहारगृह, मग फाटक. आजोबा त्या दिवशी फाटकावर होते, तिथे मोजले गेले. वहीवाली आणि पाहुणा जिन्यांवर माणसं उतरवत होते, ते त्या त्या मजल्यांच्या रांगेत गेले. ताई मात्र खोलीतच होत्या, शेवटपर्यंत, वॉकीटॉकी घेऊन. सकाळी आत येताना यंत्राने त्यांना मोजलं होतं. नंतर कुणीच नाही. नियंत्रण कक्ष कुठल्याच यादीत नव्हता. बेचाळीस कॅमेरे होते, पण त्या खोलीत एकही नव्हता.

"म्हणजे आपण दिवसभर तुम्हालाच शोधत होतो?" पाहुणा म्हणाला.

"आणि मी तुमच्याबरोबर शोधत होते," ताई म्हणाल्या.

"मी लिफ्टच्या खड्ड्यात हाक मारली तेव्हा तुम्ही माझ्या मागे बॅटरी धरून उभ्या होतात!" आजोबा म्हणाले, आणि मग ते चौघेही असे हसले की बाहेरच्या शिपायाने दार उघडून आत डोकावून पाहिलं.

ताईंनी जाऊन मोठ्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. "कारण पटलं मला. पण कागदावर 'जुळली नाही' असं आहे. पुढच्या वेळी जुळवून दाखवा, मग तो कागद मी मागे घेतो."

दुसऱ्या कवायतीच्या दिवशी यादीत सर्वांत वर वहीवालीच्या छापील अक्षरात लिहिलं होतं: "नियंत्रण कक्ष: १ (ताई)."

आदल्या दिवशी ताईंनी घरी सगळी तयारी बोलून दाखवली होती. कोण कुठे उभं राहणार, पटांगणात रांगा कुठे लागणार, तिसऱ्या मजल्याची रांग कशी नेहमी जिलबीसारखी होते. सासूबाई विणता विणता ऐकत होत्या. "अकरा वाजता म्हणालीस ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

बरोबर अकराला घंटा वाजली. बेचाळीस चौकोन एकदम जागे झाले. दारं उघडली, डोकी बाहेर पडली. बेट निघाला. नागमोडी बाई डबा घेऊन निघाल्या, परत वळल्या, डब्याचं झाकण घेऊन पुन्हा निघाल्या. चौथ्या मजल्यावर दोघांनी लिफ्टचं बटण दाबलं, तर ताईंचा आवाज छतातून आला, "लिफ्ट बंद आहे. पाय चालू आहेत ना? जिन्याने या." दोघेही चपापून जिन्याकडे पळाले.

आठ मिनिटांत मजले रिकामे झाले. आठवा सोडून. तिथे मोठ्या साहेबांच्या दाराबाहेर त्यांचा शिपाई उभा होता. कॅमेरा खोलीच्या आत बघू शकत नाही, पण शिपाई बाहेर असला तर साहेब आत, आणि उठत नसले तर फोनवर, हे गुरुवारच्या फेऱ्यांत सगळ्यांनी पाठ केलं होतं.

ताईंनी बटण दाबलं. सगळ्या इमारतीत आवाज घुमला. "आठव्या मजल्यावर एक साहेब फोनवर बोलत आहेत. साहेब, पलीकडच्यांना सांगा, इमारतीला आग लागली आहे, नंतर बोलतो."

पटांगणात हशा पिकला. दार उघडलं. कलप लावलेलं डोकं जिन्याकडे धावलं.

आठ मिनिटं चाळीस सेकंद. मर्यादा होती दहा मिनिटांची. पाहुण्याने पटांगणातून वॉकीटॉकीवर कुजबुजत सांगितलं, "मिशीवाले खूश आहेत. तिसऱ्या मजल्याची रांग फुटपट्टीसारखी आहे म्हणतात. एवढी सरळ रांग त्यांनी बघितली नाही."

"तिसऱ्याची?" ताईंना नवल वाटलं. पण आकडे येऊ लागले होते. त्या लिहीत गेल्या, शेवटी स्वतःचा एक मिळवला आणि बेरीज केली.

आत गेलेले: आठशे सेहेचाळीस. बाहेर: आठशे सत्तेचाळीस.

त्यांनी बेरीज पुन्हा केली. मग उलट्या क्रमाने केली. आकडे तेच.

मिशीवाले अधिकारी खोलीत आले. त्यांनी कागद पाहिला, मिशीवरून हात फिरवला. "मागच्या वेळी एक कमी. ह्या वेळी एक जास्त. तुमच्या इमारतीत माणसं मुरतात की काय?"

"साहेब, आत कुणी राहिलेलं नाही."

"ते दिसतंय. पण जुळली असं कसं लिहू? उद्या खरी आग लागली आणि एक परका रांगेत उभा राहिला, तर आतला एक राहून जाईल आणि तुमचा आकडा बरोबर येईल." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मी चहा पिऊन येतो. अर्धा तास. हा जास्तीचा कोण ते सांगा. नाही तर मागच्यासारखंच लिहावं लागेल."

दार बंद झालं. तोवर बाकीचे तिघेही खोलीत आले होते. मग ताईंनी खुर्ची पुढे ओढली.

"पटांगणाचं चित्रण लावा. रांग रांग घेऊ. डोकं डोकं."

असलं काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. आठशेवर माणसं, सगळी वरून. पण ह्या चौघांना ती अशीच ठाऊक होती. चित्र थांबवायचं, डोकी म्हणायची, पुढे सरकायचं. "बेट. त्याच्या मागे जुळी वेणी. मग तो टोपीवाला. मग अर्जदार, निळा पास." अर्जदारांना ते ओळखत नव्हते, पण गळ्यातल्या पासच्या पट्टीचा रंग वरून दिसायचा. आठवा मजला बरोबर. पाचवा बरोबर. चौथा बरोबर. वीस मिनिटं गेली.

तिसरा लावला. रांग खरंच आखल्यासारखी होती, आणि का ते लगेच दिसलं. एक बाई रांगेच्या कडेने चालत होती. कुणाला खांद्याला धरून आत सरकवत होती, कुणाला बोटाने मागे व्हायला सांगत होती. दोन धिप्पाड अभियंते तिच्यापुढे हात सरळ ठेवून उभे होते. सगळ्यांना नीट लावून झाल्यावर ती स्वतः शेवटी जाऊन उभी राहिली.

"गळ्यात पट्टी नाही," वहीवाली म्हणाली.

"ताई, हे डोकं आपलं नाही," पाहुणा म्हणाला. "पांढरा अंबाडा, मध्ये काहीतरी निळं खोचलंय."

ताई खुर्चीतून पुढे वाकल्या. हे डोकं त्यांना वरून चांगलंच माहीत होतं. दर रविवारी त्याच डोक्याला तेल लावून देत होत्या त्या.

"ताई?" आजोबांनी हळूच विचारलं. "कोण आहे?"

एक क्षण ताईंच्या मनात आलं, की सांगितलं नाही तर? अनोळखी अर्जदार, पट्टी विसरली, असं म्हणता येईल. कुणाला कळणार होतं? पण समोर वही उघडी होती, आणि त्या वहीत कोळीसुद्धा खरा लिहिला जात असे.

अधिकारी चहा पिऊन आले. मागोमाग मोठे साहेबही आले.

"सापडला?"

"सापडली," ताई म्हणाल्या. त्यांचे कान तापले होते. "साहेब, ती माझी सासू आहे."

अधिकारी पडद्याजवळ गेले. त्यांनी चित्रण मागे घ्यायला लावून ती रांग पुन्हा लागताना पाहिली. अभियंते सरळ होताना पाहिले. हळूहळू त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"शिक्षिका का?"

"चौतीस वर्षं. प्राथमिक."

"तरीच." त्यांनी पेन काढलं. "आठशे माणसांतून एक परका माणूस अर्ध्या तासात वरून शोधलात. आणि स्वतःच्या घरचा निघाला तरी नाव सांगितलंत. मला ह्याहून जास्त काय पाहिजे?" आणि त्यांनी लिहिलं: "अतिरिक्त एक व्यक्ती ओळखली. संख्या जुळली."

मोठ्या साहेबांनी घसा साफ केला. "तो कागद मी मागे घेतो. आणि ताई, ते छतातून जे बोललात..."

"चुकलं साहेब."

"पलीकडे माझी बायको होती. तिने फोन ठेवताना विचारलं, ही बाई कोण, तिचा नंबर दे." साहेब गेले. आजोबांनी जाता जाता त्यांचं डोकं बघून घेतलं. "रेघ आज दिसतच नाही. रजेचे अर्ज आणा सगळ्यांचे."

वहीवालीने नोंद केली: "१२.१०. आम्ही इथेच." पाहुण्याने तिच्या हातून पेन घेऊन खाली लिहिलं: "कोळीसुद्धा."

ताई मात्र घरी जायच्या आधी पुन्हा खुर्चीत बसल्या. एक गोष्ट त्यांना टोचत होती. पटांगणाभोवती दोन पुरुष उंचीची भिंत. पुढचं फाटक, तिथे कॅमेरा आणि आजोबा. मागचं फाटक, तिथे कॅमेरा आणि कुलूप. त्यांनी दहापासूनचं सगळं चित्रण पाहिलं, दोन्ही फाटकांचं, मग रस्त्याचं, मग भिंतीच्या कडेचं. निळी सुई कुठेच आत येताना दिसत नव्हती. दहा सत्तावन्नला ती नव्हती. अकरा वाजून चार मिनिटांनी ती पटांगणात उभी राहून एका अभियंत्याचा खांदा सरळ करत होती.

घरी सासूबाई विणत बसल्या होत्या. आज मालिकेचा प्रश्न आला नाही.

"बरं काम असतं गं तुमचं," त्या म्हणाल्या. "पण ती तिसऱ्या मजल्यावरची पोरं फार उनाड."

"आई, ते अभियंते आहेत."

"असतील. शर्ट आत खोचायला नको?" त्यांनी टाका घातला. "मी कशी दिसले पडद्यावर?"

"छान दिसलात. अंबाडा अगदी नीट होता." ताई त्यांच्यासमोर खाली बसल्या. "आई, आता खरं सांगायचं. मी रागावणार नाही."

"विचार."

"तुम्ही आत आलात कुठून?"

सासूबाईंनी सुई उचलून ओळीतले टाके मोजायला घेतले. अगदी सावकाश, एकेक. शेवटी स्वतःशीच मान डोलावली आणि पुढची ओळ सुरू केली.

ह्याला आता दोन महिने झाले. ताईंनी दोन्ही फाटकं तपासली, भिंतीची फेरी केली, वहीवालीकडून पटांगणाचा नकाशा काढून घेतला. आजोबा शपथेवर सांगतात, पुढून मुंगी शिरली नाही. दर रविवारी केसांना तेल लावताना ताई वरून ते डोकं बघतात आणि पुन्हा तेच विचारतात.

"आई, सांगा ना. बेचाळीस कॅमेरे आहेत हो माझे. तुम्ही आत आलात तरी कुठून?"